अण्णांचा सीपीयू, मामांचा लॅपटॉप

आमच्या नांदेडच्या घरी कुणी आलं, की आई त्यांना आधी पाणी द्यायची आणि मग हळूच सांगायची, "जरा हळू बोला, आत मिक्सिंग चालू हाय." आत म्हणजे समोरच्या खोलीत. तिथं अण्णा, म्हणजे माझे वडील, लग्नांच्या व्हिडिओंची जुळवाजुळव करत बसलेले असत. गावात त्याला सगळे मिक्सिंगच म्हणतात. त्या खोलीत आमच्या घरातली सगळ्यात किमती वस्तू होती, अण्णांचा सीपीयू. त्याच्या एका बाजूचं झाकण कायम उघडं असे आणि तिथं टेबलफॅन लावलेला असे. घरात टेबलफॅन एकच. मे महिन्यात आम्ही सगळे घामाघूम होऊन गच्चीवर सतरंज्या टाकायचो आणि सीपीयू मात्र वाऱ्यात. आई म्हणायची, पुढच्या जन्मी ह्या घरात मशीन होऊन यावं. त्या उघड्या पोटात एक विटेएवढं जाडजूड ग्राफिक्स कार्ड आडवं बसवलेलं होतं. त्याचे पंखे जोरात फिरायला लागले, की सगळ्या घरात घूंऽऽ असा आवाज भरायचा. त्या आवाजावरून आम्हाला कळायचं की कुणाचं तरी लग्न पुरं होऊन बाहेर पडतंय. चित्रं रंगवायची, पळवायची, हळू करायची आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक फिल्म काढायची, हे जड काम ते कार्ड करायचं. त्या शेवटच्या टप्प्याला अण्णा "रेंडरला लावणं" म्हणत. रेंडर चालू असताना घरात मिक्सर लावायला बंदी होती. व्होल्टेज पडतं म्हणून. शेंगदाण्याची चटणी आम्ही त्यामुळे कायम खलबत्त्यात कुटलेली खाल्ली, आणि खरं सांगायचं तर तशी चटणी मला पुढं कुठंच मिळाली नाही.

माझे शिवामामा, आईचे धाकटे भाऊ, एके काळी याच खोलीत अण्णांच्या शेजारी बसायचे. कॅमेरा धरायला अण्णांनीच त्यांना शिकवलं. पण मामांना हौस फार. एका गिऱ्हाइकाच्या फिल्ममध्ये त्यांनी अण्णांना न विचारता वरमाला पडताना गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. खऱ्या नव्हेत, कॉम्प्युटरमधल्या. पाकळ्या इतक्या झाल्या की नवरीचा चेहराच दिसेना. अण्णा गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "ह्याला लग्न काय आन् फुलांचं दुकान काय, फरक कळत न्हाई." गिऱ्हाईक हसलं. मामा हसले नाहीत. महिन्याभरात ते सासुरवाडीच्या गावी, लातूरला गेले आणि गंजगोलाईच्या बाजारामागं एका जिन्याखाली त्यांनी स्वतःचा स्टुडिओ टाकला. भांडण असं झालंच नाही. फक्त दोघांचं बोलणं थांबलं. दिवाळीला मामा यायचे, आईकडून ओवाळून घ्यायचे, आणि अण्णा नेमके त्याच वेळी बाहेरच्या शूटिंगला असायचे. आमच्याकडच्या पुरुषांना अबोला धरायचा म्हटलं की कामं बरोबर सापडतात.

या दोघांच्या मधे मी कशी आले, तर नीटमुळे. बारावीनंतर डॉक्टरकीच्या त्या परीक्षेत मला मार्क कमी पडले आणि घरात ठरलं की गौरीला लातूरला रिपीटर म्हणून ठेवायची. लातूरला शिकवण्यांची वस्तीच आहे. दुसरीकडं कुठं ठेवण्यापेक्षा सख्ख्या मामाचं घर बरं, असं आई म्हणाली. अण्णा काही बोलले नाहीत, म्हणजे हो. मामांचं घर दाल मिलच्या रस्त्याला होतं. दिवसभर मिलचा घरघराट, तुरीच्या डाळीचा कोरडा पिवळा वास, आणि आठवड्यातून एकदा टँकर आला की सगळ्या गल्लीची पळापळ. मामी सकाळी सुशीला करायची. मुरमुऱ्याचा हा प्रकार आमच्याकडचाच, बाहेर नाव सांगितलं की लोकांना वाटतं मी कुठल्या बाईबद्दल बोलतेय. मी एका हातानं सुशीला खात, दुसऱ्या हातानं जीवशास्त्राची पानं उलटत मामांच्या लॅपटॉपकडं बघत बसायची. काळाभोर, दोन बोटं जाडीचा, आणि चालू केला की डावीकडच्या फटीतून गरम वाफ सोडणारा. हिवाळ्यात मामी विरजणाचं भांडं त्या फटीशेजारी ठेवायची. दही झकास लागायचं.

पहिल्याच आठवड्यात मामांनी लॅपटॉपवरचं स्टिकर दाखवून मला विचारलं, "गौरे, तुझ्या अण्णांच्या कार्डाचा नंबर काय हाय?"

मी सांगितला.

"बग. ह्याचा बी त्योच. मग दाजी त्या लोखंडाच्या कपाटाला कामून धरून बसलेत? मी हे पिशवीत घालतो आन् निघतो."

मी शनिवारी एसटीनं नांदेडला गेले तेव्हा हे अण्णांच्या कानावर घातलं. अण्णांनी माऊस खाली ठेवला. "नंबर एक असंल. आपल्या गल्लीत संतोष नावाचे चार हायेत. चारी एकच हाय का?" मग म्हणाले, "त्याला म्हण, लावून बघ."

तिथून सुरू झालं. अण्णांनी एका जुन्या लग्नाचा तुकडा पेन ड्राइव्हवर घालून दिला. तोच तुकडा, तीच सेटिंग, नांदेडात सीपीयूवर आणि लातुरात लॅपटॉपवर, आणि निकाल मी पोचवायचा. वेळ मोजायची रीत आईची होती. तिनं अण्णांच्या रेंडरबरोबर वरणाचा कुकर चढवला आणि सांगितलं, तीन शिट्ट्यांत झालं. लातूरला मामीनं कुकर लावला, तर पाच शिट्ट्या. मामा म्हणाले, "ताईचा कुकर गळका असंल." मग लातूरची डाळ नांदेडला गेली, पुढं कुकरची रिंग बदलली. मी मोबाइलवर वेळ बघत होते आणि मला खरा फरक माहीत होता, पण घरात शिट्ट्यांनाच मान होता. आज वाटतं, त्या दोघांना निकालाची एवढी घाई नव्हतीच. "मामा काय म्हणला?" आणि "दाजी काय म्हणले?" हे विचारायला एक कारण मिळालं होतं. वाटेत अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिताना मी दोन्हीकडचे निरोप मनात घोळवायची आणि त्यातले टोकदार शब्द काढून टाकायची.

यात माझं एक झालं. मी जीवशास्त्राऐवजी ग्राफिक्स कार्डांवर वाचायला लागले, आणि मामांच्या लॅपटॉपवर चित्रं जोडायलाही शिकले. नंबर एकच असून असं का, याचं उत्तर फार अवघड नव्हतं. मोठ्या डब्यातल्या कार्डाला भरपूर वीज मिळते आणि पंख्यांना जागा मिळते. लॅपटॉपच्या चपट्या अंगात तेवढी वीज दिली तर तो भाजून निघेल, म्हणून कंपनीच त्याला कमी वीज देते, आणि तरी तापला की तो स्वतःहून हळू होतो. शिवाय नंबर तोच ठेवला तरी आतली चिपही पुष्कळदा वेगळी असते. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पर लग्नात घेऊन जाता येतो ना?" आणि अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मी काय म्हणून राहिलो होतो?" ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता! मला मात्र ती गोष्ट इतकी आवडली की रात्री पुस्तक उघडलं तरी पेशीच्या चित्राऐवजी डोळ्यांसमोर त्या कार्डाचे पंखेच यायचे. परीक्षा दिली. पेपर संपल्यावर बाहेर येताना मला कळलं होतं काय होणार ते. कुणाला बोलले नाही.

निकाल लागायच्या आत हदगावच्या मावशीच्या मुलीचं, रूपाताईचं लग्न आलं. मावशी म्हणजे आईची आणि मामांची थोरली बहीण. तिनं काय केलं, अण्णांना फोन करून सांगितलं, "दाजी, पोरीचं शूटिंग तुमीच करायचं," आणि मामांना फोन करून सांगितलं, "शिवा, तुझ्याशिवाय कोन हाय मला?" दोघांनीही हो म्हटलं. मग हळदीच्या आदल्या दिवशी तिनं उलगडा केला. नवरीकडची हळद अण्णांनी घ्यायची, नवरदेवाकडची मामांनी, आणि लग्नाच्या संध्याकाळी स्वागताच्या वेळी दोन्ही मिळून एकच फिल्म मोठ्या पडद्यावर लागली पाहिजे. जोडायचं काम गौरीचं. आणि कार्यालयात खोली एकच मोकळी आहे.

अण्णांनी सीपीयू गोधडीत गुंडाळून जीपच्या मधल्या सीटवर ठेवला आणि पट्टा बांधला. आई मागं सामानाबरोबर बसली. लग्नाच्या सकाळी आम्ही खोलीत शिरलो तेव्हा मामा आधीच खिडकीशी लॅपटॉप उघडून बसले होते. अण्णांनी दाराजवळची जागा धरली. मधे माझी खुर्ची. खाली येसर आमटीच्या फोडणीचा ठसका उठला होता, वाजंत्रीवाले सूर लावत होते, आणि या खोलीत दोघं पुरुष माझ्यामार्फत बोलत होते.

"गौरे, त्यांना ईचार, प्लग मोकळा हाय का?"

"त्याला सांग, हाय."

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, चहा घेऊन आले. त्यांना शिट्ट्यांची सगळी हकिकत आईकडून कळलेली होती. ते म्हणाले, "कामाला लागायच्या आदी एकदाचं होऊनच जाऊ द्या की. एक खोली, एक लाइट. कुकर नगं आन् काही नगं." दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही, पण दोघांचेही हात मशीनकडं गेले. मी पेन ड्राइव्ह काढला. बघता बघता खोलीत वऱ्हाड जमलं. एका मामेआजोबांनी विचारलं, हे काय चाललंय, तर कुणीतरी सांगितलं, "शर्यत हाय."

मी दोन्हीकडं एकदम बटण दाबलं. सुरुवातीला काम किती झालं ते दाखवणाऱ्या दोन्ही पट्ट्या जवळपास बरोबरीनं सरकत होत्या. लॅपटॉप थंड होता ना अजून. मामांची कॉलर ताठ झाली. मग हळूहळू त्याचा पंखा किंचाळायला लागला आणि पट्टी रेंगाळू लागली. अण्णांचा सीपीयू त्याच संथ घूंऽऽ आवाजात पुढं गेला. मागून कुणीतरी "दाजी, दाजी" असं ओरडायला लागलं. अण्णांच्या मिशीखाली जे चाललं होतं ते मला दिसत होतं. पट्टी टोकाला आली. तेवढ्यात खोलीतला दिवा एकदा मिणमिणला, एकदा फार लख्ख झाला, आणि सीपीयूच्या मागून फट् असा आवाज आला. मग जळक्या रबराचा वास. मग लाइट गेली. बाहेर सगळीकडचे पंखे थांबलेले ऐकू आले.

अण्णांनी गुडघ्यावर बसून मागं हात लावून पाहिला. पॉवर सप्लायचा डबा उडाला होता. तो बदलायला नांदेडला जावं लागलं असतं आणि संध्याकाळी स्वागत. नवरीकडची हळद, रूपाताईचे आत्या-काकांनी माखलेले गाल, तिच्या आईनं तोंड फिरवून पुसलेले डोळे, सगळं रात्रीच कॅमेऱ्यातून काढून त्या बंद डब्यात भरलेलं होतं. वऱ्हाड पटकन पांगलं. हरलेल्या माणसाजवळ कुणाला थांबावंसं वाटत नाही. अण्णा तसेच जमिनीवर बसून राहिले, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि घामाचे थेंब नाकावरून खाली पडत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी मामांकडंही बघितलं नाही, कारण ते हसले असते तर मला सहन झालं नसतं.

मामा उठले. अण्णांच्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "दाजी, हार्ड डिस्क काढा. माझ्याकडं केबल हाय."

मला नाही, अण्णांना.

अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं. "निघंल?"

"निघंल की. तुमीच शिकवलं होतं."

डिस्क निघाली, लॅपटॉपला लागली, आणि हळद दिसली. मी कामाला बसले. पण लॅपटॉप बॅटरीवर होता. बॅटरीवर चालताना कार्डाला आणखीनच कमी वीज मिळते, त्यामुळं चित्र अडखळत पुढं सरके. शिवाय बॅटरी तासाभराचीच. मी हे सांगितलं तसे अण्णा तडक खाली गेले. जनरेटर चालू झालेला होता, पण जनरेटरवाला कुणाला वायर देत नव्हता. पडदा, साउंड, कूलर, एवढ्यानंच त्याचा लोड भरला होता. खिडकीतून मला अण्णांचा आवाज ऐकू येत होता. आयुष्यात कुणापुढं आर्जव न करणारा माणूस त्या जनरेटरवाल्याला सांगत होता, "अरे, मोठी मशीन न्हाई बाबा. माझ्या मेव्हण्याचा लॅपटॉप हाय. एका कूलरच्या मानानं काहीच खात न्हाई. पायजे तर एक कूलर बंद कर, आमी बसतो गर्मीत."

वायर वर आली. लॅपटॉपनं वेग घेतला, आणि मग तापला. मामा म्हणाले, "हे ह्याचं नेहमीचंच." अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं, रुखवताच्या ताटातली दोन हळकुंडं उचलली आणि लॅपटॉपच्या मागच्या बाजूखाली ठेवून तो तिरका उचलला, खालून वारा खेळावा म्हणून. मग स्वयंपाकघरातून सूप आणलं आणि वारा घालायला लागले. हात दुखला की मामा सूप घ्यायचे. मी मधे बसून चित्रं जोडत होते. खाली मंगलाक्षता झाल्या, आमच्या डोक्यावर कुणीतरी दारातूनच अक्षता टाकून गेलं. माझ्या डोक्यावरून दोघं बोलत होते, आता माझ्यामार्फत नाही.

"ही रूपा रडलेली इथं नगं, पुढं घे," मामा म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "बरं, पुढं घे. चांगलं दिसून राहिलं तिथं."

संध्याकाळी पडद्यावर फिल्म लागली. दोन्हीकडचे लोक आपापली माणसं दिसली की ओरडत होते. मावशी रडली, मग स्वतःला पडद्यावर रडताना पाहून हसली. अण्णा आणि मामा सगळ्यात मागं जनरेटरवाल्याच्या बाजेवर बसले होते, दोघांच्या हातात एकेक पान. दोघांपैकी कुणी कुणाची माफी मागितली नाही. आमच्यात तसं काही म्हणायची पद्धतही नाही. मामांनी आपल्या पानातली सुपारी अण्णांच्या तळहातावर काढून दिली, त्यांना जास्त लागते म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या ओट्यावर सगळे चहाला बसलो होतो. कालची उरलेली हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, होती, गरम करून वर तूप सोडलेलं. सगळे खुशीत होते. मामांनी सहज विचारलं, "काय दाजी, पोरीचा निकाल कवा हाय?" आणि अण्णा माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"यंदाही न्हाई होणार," मी म्हणाले. "आन् मला परत बसायचं न्हाई. मला हेच शिकायचंय. काल केलं ते. हैदराबादला कॉलेज हाय, मी बघून ठेवलंय."

ओट्यावर कुणी हुग्गीचा घासही घेईना. अण्णा म्हणाले, "लग्नाची मिक्सिंग करायला हैदराबाद कशाला पायजे? मी काय डॉक्टर व्हायला सांगितलं ते नाहक?" मामा लगेच म्हणाले, "बरोबर हाय दाजींचं. आमच्या धंद्यात काय हाय, गौरे? डोळे जातात, कंबर जाते. डॉक्टरीन हो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते माझ्या विरोधात. मला रडूही आलं आणि हसूही. मी मान खाली घालून म्हणाले, "डॉक्टर मी होणार न्हाई. वाईट होईन. हे मला येतं."

आईनं पदरानं कप पुसला. "वर्सभर ती तुमचे निरोप वाहून राहिली," ती म्हणाली. "एका शब्दानं कुरकुरली न्हाई. आता तिचा एक निरोप हाय, त्यो ऐका की."

अण्णांनी बशीत चहा ओतला आणि फुंकला. बराच वेळ फुंकला. मग मामा जरा खाकरून म्हणाले, "गेलीच समजा, तर होस्टेलात ती एवढा डबा कुठं ठेवणार? तिला लॅपटॉपच घ्यावा लागंल."

"लॅपटॉप?" अण्णा म्हणाले. "काल बघितलं न्हाई का? सूप घेऊन कोन बसनार तिच्याजवळ? तिला सीपीयूच पायजे. मी नेऊन बसवून देतो."

"आन् खोली बदलली म्हंजे?"

"खोली कशाला बदलावी लागंल? चांगली खोली बघू आपण आदीच."

"दाजी, तिथं टेबलफॅन सुदिक न्हाई लावू देत."

"मग बाहेर खोली घेऊ. गुरुद्वाऱ्याकडचे आपले वळखीचे लोक हायेत हैदराबादला..."

आईनं माझ्या वाटीत आणखी एक डाव हुग्गी वाढली. वर तूप सोडलं. मी जेवत राहिले आणि ते दोघं भांडत राहिले, खिडकी पूर्वेची हवी की पश्चिमेची इथपर्यंत. मला मधे पडायची गरज नव्हती. त्यांच्या भांडणात मी हैदराबादला जाऊन राहूही लागले होते.